खेळाडू सोन्याचा, निवड चुकीची: जायंट्स, बार्कली आणि रनिंग बॅकचा न मिटणारा वाद

२६ एप्रिल २०१८ च्या रात्री टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) सुरू झाला आणि न्यूयॉर्क जायंट्सनी एकूण दुसऱ्या क्रमांकावर पेन स्टेट विद्यापीठाच्या सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूला, घेतलं. त्या निवडीवरून जायंट्सच्या चाहत्यांमध्ये जी जुंपली, ती अजून थांबलेली नाही. बार्कली चांगला खेळतो की नाही, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तो असामान्य आहे हे तेव्हाही सगळे मानत होते आणि आजही मानतात. भांडण वेगळंच आहे: इतका चांगला खेळाडू घेणं ही चूक कशी काय असू शकते?

नाव न्यूयॉर्कचं असलं तरी जायंट्सचं मैदान न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला आहे. जर्सीचा उत्तरेकडचा भाग जायंट्स आणि जेट्सचा, दक्षिणेकडचा फिलाडेल्फिया ईगल्सचा. एडिसन, इझलिन ही मराठी घरांची वस्ती साधारण मधोमध येते, त्यामुळे तिथे एकाच शाळेत दोन्हीकडचे कट्टर चाहते सापडतात. आईवडील क्रिकेटवर वाढलेले आणि मुलं या खेळावर, अशा कुठल्याही घरात हा प्रश्न निघतोच. उत्तर मात्र सहसा अर्धवट मिळतं. म्हणून जरा मुळापासून बघू.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला की पुन्हा चार प्रयत्न, असं करत समोरच्या टोकापर्यंत. पुढे जायचे मार्ग दोन. एक, क्वार्टरबॅकने चेंडू लांब फेकायचा आणि कुणीतरी तो झेलायचा. दोन, क्वार्टरबॅकने चेंडू मागे उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातात द्यायचा आणि त्याने गर्दीतून वाट काढत पळायचं. हा पळणारा म्हणजे रनिंग बॅक. त्याच्यापुढे ओळीने पाच धिप्पाड गडी उभे असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. ते चेंडूला सहसा हातही लावत नाहीत. समोरच्यांना ढकलून फट पाडायची आणि क्वार्टरबॅकपर्यंत कुणाला पोचू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. टीव्हीवर त्यांचं नाव बहुतेक वेळा चूक झाली तरच घेतात. या सगळ्या वादाचा निकाल मात्र या पाच जणांपाशी लागतो, तेव्हा त्यांना लक्षात ठेवा.

आता ड्राफ्ट. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे: ज्याच्या थैलीत जास्त पैसे त्याने बोली वाढवायची. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आदल्या हंगामात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. ३२ संघ, सात फेऱ्या. कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूला कुठल्या शहरात जायचं हे निवडता येत नाही. ज्याने नाव पुकारलं त्याच्याकडे जायचं. ही पद्धत १९३६ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. ती सुचवली होती ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी, आणि पहिली पाळीही त्यांच्याच संघाची होती. त्यांनी घेतला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. तोही चेंडू घेऊन पळणाराच होता. पैशांवर एकमत झालं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातली पहिलीच निवड एका धावणाऱ्याची होती आणि ती वाया गेली.

अगदी वरची पाळी संघाला वारंवार मिळत नाही. ती मिळायला आधी एक अख्खा हंगाम हरत काढावा लागतो. जायंट्स २०१७ मध्ये १६ पैकी १३ सामने हरले होते. तेवढ्या अपमानाच्या बदल्यात दुसरा क्रमांक पदरात पडला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा एक तक्ता वापरात आणला. पुढे पिकांच्या (पिक म्हणजे ड्राफ्टमधली निवडीची पाळी) अदलाबदलीचा हिशेब लीगभर त्याच्या आधाराने होऊ लागला. त्या तक्त्यात दुसऱ्या क्रमांकाला २६०० गुण आहेत आणि दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीच्या ३४ व्या क्रमांकाला ५६०. जायंट्सकडे त्या वर्षी हे दोन्ही पिक होते. तेव्हा २६०० गुणांच्या वस्तूचं तुम्ही काय केलंत, असा हा प्रश्न आहे.

तोच पैसा, वेगळा खेळाडू

हिशेबाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडं सावकाश जाऊ या.

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाला पगारावर किती खर्च करता येईल याची मर्यादा ठरलेली असते. २०१८ मध्ये ती १७ कोटी ७२ लाख डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याच्यावर जाता येत नाही. त्यामुळे एका खेळाडूवर वाचलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या खेळाडूच्या कामी येतो. शिवाय लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापासून नवख्या खेळाडूचा पगार तो कुठल्या क्रमांकावर निवडला गेला त्यावरून जवळजवळ ठरूनच येतो. तो कुठल्या जागेवर खेळतो याला काही महत्त्व नाही. दुसऱ्या क्रमांकाला २०१८ मध्ये चार वर्षांचे मिळून सुमारे ३ कोटी १२ लाख डॉलर मिळाले, म्हणजे वर्षाला सरासरी ७८ लाख. बार्कलीला तेच मिळाले. त्याच्या जागी क्वार्टरबॅक घेतला असता तर त्यालाही तेवढेच मिळाले असते.

आता बाजारभाव बघा. त्याच वर्षी अटलांटाने आपल्या क्वार्टरबॅकशी, मॅट रायनशी, वर्षाला सरासरी ३ कोटी डॉलरचा करार केला. रनिंग बॅकमधला त्या वर्षीचा सगळ्यात मोठा करार रॅम्सच्या टॉड गर्लीचा होता, वर्षाला सरासरी दीड कोटी. समजा ड्राफ्टमधून आलेला तुमचा खेळाडू आपल्या जागेवरच्या सर्वोत्तमांमध्ये जाऊन बसला. तो क्वार्टरबॅक असेल तर तुम्ही वर्षाला दोन कोटींहून जास्त वाचवता आणि त्या पैशात दोन-तीन चांगले खेळाडू आणता. तो रनिंग बॅक असेल तर जेमतेम ७० लाख वाचतात. म्हणजे निवड अगदी शंभर टक्के यशस्वी ठरली, तरी हाती लागणारी बचत तिपटीने कमी. बार्कली दर्जेदार आहे की नाही, हा मुद्दा या हिशेबात कुठे येतच नाही. तो उत्तमच आहे असं धरूनच हे गणित मांडलेलं आहे.

मैदानावरचा हिशेबही याच दिशेने जातो. चेंडू घेऊन पळालं की दर खेपेला सरासरी साडेचार यार्डांच्या आसपास मिळतात. फेकला की दर प्रयत्नाला सहा ते सात. फेकण्यात चेंडू हरवण्याचा धोका आहे, तरीही सरासरीने फेकणं फायद्याचं ठरतं आणि सगळी लीग गेल्या काही दशकांत तिकडेच झुकली. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी ड्राफ्टचा अभ्यास करून दाखवलं होतं की संघ वरच्या पिकांना अवाजवी किंमत देतात, आणि खाली सरकून जास्त पिक घेणं बहुधा जास्त शहाणपणाचं असतं.

तिसरा मुद्दा पुरवठ्याचा. चांगला धावणारा खालच्या फेऱ्यांमध्येही मिळतो, कधी कधी ड्राफ्टच्या बाहेरही. डेन्व्हरचा टेरेल डेव्हिस १९९५ मध्ये सहाव्या फेरीत, १९६ वा आला आणि १९९८ मध्ये २००८ यार्ड पळाला. बार्कलीच्याच वर्षाचं बघा. फिलिप लिंडसेला सातही फेऱ्यांमध्ये कुणी घेतलं नाही. डेन्व्हरने त्याला नंतर बोलावून घेतलं आणि पहिल्याच हंगामात तो १०३७ यार्ड पळाला. जायंट्सनी ३४ व्या क्रमांकावर विल हर्नांडेझ हा लाइनचा खेळाडू घेतला. त्याच्या लगेच पुढच्या, ३५ व्या पिकावर क्लीव्हलंडने निक चब घेतला. चब पहिल्या वर्षी ९९६ यार्ड पळाला आणि पुढची चार वर्षं सलग हजारच्या वर राहिला. जायंट्सच्या चाहत्याला हा ३५ वा क्रमांक फार जिव्हारी लागतो. दुसऱ्या क्रमांकावर लाइनचा दणकट खेळाडू आणि ३४ व्यावर चब, ही जोडी कागदावर मांडून पाहिली नाही असा चाहता मला भेटलेला नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणं

बार्कलीच्या निवडीचं समर्थन करणारे मूर्ख नाहीत आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं.

जायंट्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर डेव्ह गेटलमन यांना रनिंग बॅकची किंमत घसरली आहे हे मुळात मान्यच नव्हतं. ड्राफ्टनंतरच्या पत्रकार परिषदेत त्यांनी कीबोर्डवर बोटं आपटल्याचा अभिनय करून आकडेमोड करणाऱ्यांची टिंगल केली होती. ते दृश्य चाहते आजही विसरलेले नाहीत. टिंगल बाजूला ठेवली तर त्यांचा युक्तिवाद साधा होता: पिढीत एखादाच निपजावा असा खेळाडू समोर असताना जागेचा हिशेब कसला करायचा? जायंट्सचा क्वार्टरबॅक एलाय मॅनिंग तेव्हा ३७ वर्षांचा होता. त्याच्या हातात अजून एक-दोन चांगले हंगाम उरले आहेत असं संघाला वाटत होतं, आणि त्याच्यावरचा भार हलका करणारा साथीदार त्यांना हवा होता.

पहिल्या वर्षी बार्कलीने त्यांना खरं करून दाखवलं. १३०७ यार्ड पळाला, ९१ झेल घेऊन आणखी ७२१ यार्ड जोडले, आणि हल्ल्यातला वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. पण संघ १६ पैकी ११ सामने हरला.

समर्थकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा पुढचा आहे. क्वार्टरबॅक हवा होता म्हणता, मग कोण घेतला असता? तिसऱ्याच क्रमांकावर जेट्सनी सॅम डार्नोल्ड घेतला आणि तीन वर्षांत त्याला सोडून दिलं. दहाव्या क्रमांकावरचा जॉश रोझन ॲरिझोनात एकच वर्ष टिकला. सातवा आलेला जॉश ॲलन पुढे बफेलोत महान झाला हे खरं, आणि ३२ व्या क्रमांकावरचा लमार जॅक्सनही. पण तेव्हा ॲलनच्या अचूकतेवर शंका घेणारे ढीगभर होते आणि जॅक्सनला इतर संघांनी खाली घसरू दिलं होतं. चुकीच्या क्वार्टरबॅकने संघ पाच वर्षं मागे जातो, त्यापेक्षा खात्रीचा बार्कली काय वाईट?

या मुद्द्यात तथ्य आहे. पण बार्कली किंवा डार्नोल्ड, एवढे दोनच पर्याय होते असं मानलं तरच तो टिकतो. तिसरा पर्याय होता, आणि त्याच ड्राफ्टमध्ये तो दुसऱ्या एका संघाने प्रत्यक्ष करून दाखवला.

इंडियानापोलिस कोल्ट्सही २०१७ मध्ये १२ सामने हरले होते. त्यांच्याकडे तिसरा क्रमांक होता. मार्च २०१८ मध्ये त्यांनी तो जेट्सना देऊन सहावा घेतला, आणि तीन घरं खाली सरकण्याच्या बदल्यात दुसऱ्या फेरीतले तीन पिक मिळवले: दोन त्याच वर्षीचे, एक पुढच्या वर्षीचा. जायंट्सकडे त्याहून वरचा क्रमांक होता. तो बाजारात नीट फिरवला असता तर भाव कमी आला नसता, असं मला ठामपणे वाटतं. सहाव्या क्रमांकावर कोल्ट्सनी काय घेतलं? क्वेंटन नेल्सन, लाइनमधला गार्ड. मिळवलेल्या ३७ व्या पिकावर ब्रेडन स्मिथ, पुन्हा लाइनचाच. आधीच्या हंगामात खांद्याच्या दुखापतीमुळे एकही सामना न खेळलेला त्यांचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक परत आला, आणि २०१८ च्या अख्ख्या हंगामात चेंडू फेकण्याआधी तो फक्त १८ वेळा आडवा झाला. संघ दहा सामने जिंकला. दोन वर्षांनी, लाइन पक्की झाल्यावर, कोल्ट्सनी दुसऱ्या फेरीत ४१ व्या क्रमांकावर जोनाथन टेलर हा रनिंग बॅक घेतला. २०२१ मध्ये टेलर १८११ यार्ड पळाला आणि लीगमध्ये पहिला आला.

जायंट्सनी केलं ते आधी कळस, मग पाया. बार्कलीच्या पहिल्या चार वर्षांत संघाचे विजय अनुक्रमे ५, ४, ६ आणि ४. त्या वर्षांमधले सामने काढून पाहिले तर एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. चेंडू त्याच्या हातात पडतो न पडतो तोच समोरचा एक गडी आत घुसलेला असतो. पुढे सरकण्याआधीच त्याला एकाला चुकवावं लागतं, मग दुसऱ्याला. एवढी कसरत करून दोन यार्ड. धावणारा कितीही चपळ असला तरी पहिले दोन-तीन यार्ड त्याचे नसतात, ते लाइनचे असतात. त्याची खरी किमया त्यानंतर सुरू होते. जायंट्सकडे ती दाखवायची संधीच त्याला क्वचित मिळाली.

अंगावर पडणारी वर्षं

चाहत्यांच्या भांडणात एक गोष्ट नेहमी बाजूला पडते: या सगळ्या गणितात त्या माणसाचं काय होतं? मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रनिंग बॅक एका हंगामात अडीचशे-तीनशे वेळा चेंडू घेऊन शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांच्या अंगावर जातो. गुडघे, घोटे, खांदे झिजतात. या जागेवरचा माणूस साधारण विशीच्या मध्यावर ऐन भरात असतो आणि तिशीच्या आधीच उतरणीला लागतो. क्वार्टरबॅक पस्तिशीतही खेळतो, त्याला कमावायला तीन-चार करार मिळतात. धावणाऱ्याला खरा करार मिळाला तर एकच, आणि तोही झीज झाल्यावर.

बार्कलीचीच वर्षं मोजू. २१ व्या वर्षी आला. चार वर्षं ठरलेल्या पगारावर. तिसरा हंगाम संपेपर्यंत तर करार बदलून मागायचीही नियमाने परवानगी नाही. २०१९ मध्ये घोटा मुरगळला. २०२० मध्ये दुसऱ्याच सामन्यात, शिकागोत, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि तो हंगाम संपला. पहिल्या फेरीच्या खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घ्यायचा अधिकार संघाला असतो. जायंट्सनी तो वापरला. २०२२ मध्ये बार्कली १३१२ यार्ड पळाला, संघाने प्लेऑफ गाठला आणि मिनेसोटात जाऊन सामनाही जिंकला. आता तरी मोठा करार? नाही. २०२३ मध्ये संघाने फ्रँचायझी टॅग लावला. म्हणजे सुमारे १ कोटी १ लाख डॉलर घे, आणखी एक वर्ष खेळ, दुसरीकडे जाऊ नकोस. हे सगळं नियमात बसणारं आहे. पण सहा वर्षं अशी गेली आणि मोकळा झाला तेव्हा बार्कली २७ वर्षांचा होता. त्याच्या जागेवर या वयाला म्हातारपणाची चाहूल समजतात.

त्याच उन्हाळ्यात रेडर्सचा जॉश जेकब्स आणि डॅलसचा टोनी पोलार्ड हेही टॅगमध्ये अडकले होते. चार्जर्सच्या ऑस्टिन एकलरने पुढाकार घेऊन लीगमधल्या नामवंत रनिंग बॅकची झूमवर बैठक बोलावली, आपल्या जागेचं पुढे काय करायचं ते ठरवायला. फार काही निष्पन्न झालं नाही. संघांच्या डोळ्यांपुढे टॉड गर्ली होता: २०१८ मध्ये ६ कोटींचा करार, त्यातले साडेचार कोटी हमीचे, आणि २०२० च्या मार्चमध्ये, वयाच्या पंचविशीत, रॅम्सनी त्याला सोडून दिलं. त्याच्या गुडघ्याने दगा दिला होता. संघाच्या बाजूने पाहिलं तर हात आखडता घेणं समजतं. पण ज्या नियमांमुळे माणसाची उत्तम वर्षं स्वस्तात वापरली जातात आणि झीज झाल्यावर त्याला महाग म्हटलं जातं, ते नियम मला अन्यायाचेच वाटतात. रनिंग बॅक वर निवडू नका असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हेही म्हणायला हवं की जो निवडला गेला त्याला वेळेवर पैसे द्या.

मार्च २०२४ मध्ये जायंट्सनी त्याला मोकळं सोडलं. संघाचे एक मालक जॉन मारा जनरल मॅनेजर जो शेन यांना सांगताना नंतर टीव्हीवर दिसले, की हा फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण होईल. बार्कली फिलाडेल्फियालाच गेला. तीन वर्षं, ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर.

ईगल्सकडे काय वेगळं होतं

ईगल्सच्या लाइनमध्ये उजव्या टोकाला लेन जॉन्सन, २०१३ चा चौथ्या क्रमांकाचा पिक. डाव्या टोकाला सहा फूट आठ इंचांचा जॉर्डन मायलाटा. हा सिडनीत रग्बी खेळत होता, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. ईगल्सनी त्याला घेतलं २०१८ मध्ये, सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर. ज्या ड्राफ्टमध्ये जायंट्सनी दुसऱ्या क्रमांकावर बार्कलीला घेतलं, त्याच ड्राफ्टमध्ये. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला अक्षरशः पहिल्या धड्यापासून शिकवलं. मधली माणसं, लँडन डिकरसन आणि कॅम जर्गन्स, दुसऱ्या फेरीतून आली. मेखाय बेक्टनला जेट्सनी पहिल्या फेरीत घेऊन पुढे जाऊ दिलं होतं. ईगल्सनी तो स्वस्तात उचलला आणि लाइनच्या टोकाच्या जागेवरून (टॅकल) आतल्या जागेवर (गार्ड) आणला.

या लाइनमागे बार्कली २०२४ मध्ये २००५ यार्ड पळाला. आदल्या वर्षी जायंट्सकडे त्याला दर खेपेला चार यार्डही मिळत नव्हते, इथे ५.८ मिळाले. पाय तेच, वय एक वर्षाने वाढलेलं. ऑक्टोबरमध्ये तो ईस्ट रदरफर्डला जुन्या मैदानावर आला, जुन्या चाहत्यांनी हुर्यो उडवली, त्याने १७६ यार्ड काढले आणि ईगल्स २८-३ ने जिंकले. नोव्हेंबरमध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध त्याने एकाला हुलकावणी दिली, गिरकी घेतली, आणि पाठ समोरच्याकडे असतानाच, मागे न बघता, दुसऱ्याच्या डोक्यावरून उलटी उडी मारली. ती उडी एकदा तरी पाहाच. एका हंगामात सगळ्यात जास्त पळण्याचा एरिक डिकरसनचा १९८४ चा २१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते, पण शेवटच्या सामन्यात बार्कलीला विश्रांती दिली गेली. तो सामनाही जायंट्सविरुद्धच होता. ९ फेब्रुवारी २०२५ ला, त्याच्या २८ व्या वाढदिवशी, ईगल्सनी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवलं. त्या सामन्यात बार्कलीला फक्त ५७ यार्ड मिळाले, कारण समोरच्यांनी सगळा जोर त्याला अडवण्यावर लावला होता. तेवढ्यात क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सने सामना नेला.

यावर जायंट्सचे समर्थक म्हणतात, पाहा, गेटलमन बरोबर होते, बार्कली सोन्याचाच निघाला. मला याच्या उलट दिसतं. ईगल्सनी त्याच्यासाठी एकही पिक खर्च केला नाही. वरचे पिक त्यांनी आधीच इतर जागांवर लावले होते आणि धावणारा त्यांनी सगळ्यात शेवटी, पैसे मोजून आणला. खेळाडूबद्दलचं गेटलमन यांचं मत अचूक होतं. क्रम चुकला होता.

मग वरच्या क्रमांकावर रनिंग बॅक कधीच घ्यायचा नाही का? असंही नाही. २०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सनी १२ व्या क्रमांकावर जमिर गिब्ज घेतला तेव्हा त्यांच्यावर सडकून टीका झाली. पण त्यांनी आधी सहाव्या क्रमांकावरून खाली सरकून जादा पिक मिळवले होते, आणि लाइनमध्ये टेलर डेकर, फ्रँक रॅगनाव आणि पेनेय सूल हे पहिल्या फेरीतले तिघे आधीच उभे होते. २०२४ मध्ये गिब्ज १४१२ यार्ड पळाला, पळत आणि झेल घेऊन मिळून २० टचडाउन केले (म्हणजे तितक्या वेळा चेंडू समोरच्या टोकापलीकडे नेला), आणि लायन्स १७ पैकी १५ सामने जिंकले. २०२५ मध्ये रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर बोइसी स्टेटचा ॲश्टन जेंटी घेतला. त्याने कॉलेजात आदल्या हंगामात २६०१ यार्ड पळून बॅरी सँडर्सचा विक्रम थोडक्यात हुकवला होता. तिथेही पुन्हा हाच वाद, आणि तिथेही पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की त्याच्यापुढे उभे राहणारे पाच जण कोण?

जायंट्स स्वतः काय शिकले, हे त्यांच्या नंतरच्या निवडींवरून दिसतं. २०२४ मध्ये त्यांनी टायरोन ट्रेसी घेतला, पाचव्या फेरीत, १६६ वा. तो पहिल्या वर्षी ८३९ यार्ड पळाला. २०२५ मध्ये चौथ्या फेरीत, १०५ व्या क्रमांकावर, ॲरिझोना स्टेटचा कॅम स्कॅटबो आला. समोरच्याला चुकवण्यापेक्षा त्याच्या अंगावरून जाणारा हा गडी काही आठवड्यांत अख्ख्या शहराचा लाडका झाला. मग २६ ऑक्टोबरला, फिलाडेल्फियाच्याच मैदानावर, त्याचा घोटा निखळला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. चाहते त्या रात्री हळहळले, कुणाकुणाला रडू आलं, पण ड्राफ्टच्या नावाने कुणी बोटं मोडली नाहीत.